मॉडेलिंग ॲम्पमधून चांगला आवाज कसा काढायचा? खान्देशातल्या गिटारवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगावात गिटार शिकवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्यामुळे रात्री साडेअकराला कुणाची तरी व्हॉइस नोट येते. आधी दहा सेकंद नुसती खरखर आणि मग प्रश्न: "दादा, हे असं का वाजतंय?" चोपडा असो, शहादा असो की चाळीसगाव, प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. मॉडेलिंग ॲम्प म्हणजे नक्की काय? साध्या ॲम्पपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

साध्या ट्रान्झिस्टर किंवा ट्यूब ॲम्पमध्ये ठरलेलं सर्किट असतं आणि त्याचा स्वभावही ठरलेला असतो. मॉडेलिंग ॲम्प गिटारचा सिग्नल आधी आकड्यांत बदलतो. मग प्रोसेसर हिशेब मांडतो की हाच सिग्नल फेंडर, मार्शल किंवा व्हॉक्स कंपनीच्या ट्यूब ॲम्पमधून आणि त्याच्या स्पीकरच्या पेटीतून गेला असता तर कसा बाहेर पडला असता. जे उत्तर येतं ते पुन्हा विजेच्या सिग्नलमध्ये बदलून स्पीकरकडे जातं. लाइन ६ कंपनीचा ॲक्सिस २१२ हा असा ॲम्प १९९६ साली आला, आणि राजम्याच्या दाण्यासारखं दिसणारं त्यांचं 'पॉड' नावाचं लाल यंत्र १९९८ साली. आज आपल्याकडे पोरांच्या घरी बॉस कटाना, फेंडर मस्टँग, यामाहा टीएचआर, स्पार्क असले ॲम्प दिसतात.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच समजून घ्या. आत ॲम्पची मॉडेल तीस असली तरी बाहेरचा स्पीकर बदलत नाही. मस्टँग एलटी२५ मध्ये आठ इंची एक स्पीकर आहे, स्पार्क ४० मध्ये चार इंची दोन. बारा इंची चार स्पीकरच्या पेटीची छातीवर बसणारी थाप त्यातून निघणार नाही, कितीही नॉब फिरवा. ती अपेक्षा सोडली की निम्मी चिडचिड कमी होते.

२. दुकानात जबरदस्त वाजला, घरी आणला तर डबा वाटतो. माल बदलून दिला की काय?

नाही हो. तीन गोष्टी बदलल्या: आवाजाची पातळी, खोली आणि प्रीसेट (म्हणजे आधीच साठवलेली सेटिंग).

दुकानात तो मोठ्याने वाजत होता. कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचा बास आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. त्यामुळे दुकानात भरदार वाटलेला तोच पॅच (ॲम्प मॉडेल, नॉब आणि इफेक्ट यांची साठवलेली जुळणी) घरी हळू लावला की पातळ वाटतो, आणि घरी हळू आवाजात 'भरदार' केलेला पॅच स्टेजवर गेला की घुमायला लागतो. म्हणून ज्या पातळीवर वाजवणार, त्याच पातळीवर पॅच बनवा. घरचा वेगळा, स्टेजचा वेगळा.

दुसरी गोष्ट खोली. आजच्या घरात खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंती गुळगुळीत. आवाज चारी बाजूंनी आपटून परत येतो. माझ्या मामांचं अमळनेरकडचं घर जुन्या पद्धतीचं, धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर सागवानी कड्या आणि माती. तिथे माझा पहिला साधा ट्रान्झिस्टर ॲम्पसुद्धा गोड वाजायचा. आता धाबं कुठून आणणार? पण ॲम्पच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका, ॲम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे ओढा. कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो. एवढ्याने पडणारा फरक कुठल्याही नॉबने पडत नाही.

दुकानात लागलेला फॅक्टरी प्रीसेट हा तिसरा भाग. त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये.

३. मना ॲम्पना आवाज भलता चिरका येस. काय करू भाऊ?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आधी ॲम्प जमिनीवरून उचला आणि खुर्चीवर ठेवा, किंवा मागे कलता करा. स्पीकरमधून वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. ॲम्प पायाशी असला की तो झोत तुमच्या गुडघ्यावर पडतो, कानाला आवाज दबका वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. मग तो सांगतो 'चिरका येतोय', आणि तुम्हाला पटत नाही.

ॲम्प कानाच्या उंचीला आला की पुढचं करा. गेन, म्हणजे आवाज किती फाटवायचा तो नॉब, कमी करा (किती, ते प्रश्न ४ मध्ये). प्रेझेन्स (अगदी वरच्या सुरांचा नॉब) शून्याकडे न्या. ॲम्पच्या मोबाइल ॲपमध्ये हाय कट (ठरावीक सुराच्या वरचं कापणारी सोय) मिळत असेल तर ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास लावा. ही लबाडी नाही. खऱ्या गिटार स्पीकरमधून साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येतच नाही. लहान स्पीकर आणि हेडफोन मात्र ते इमानदारीने वाजवतात, आणि डिस्टॉर्शनची, म्हणजे फाटलेल्या आवाजाची, ती 'फिस्स' ऐकू येते. ट्रेबलला हात सगळ्यात शेवटी.

आणि पिक कुठे मारताय तेही पाहा. ब्रिजजवळ मारलं तर आवाज टोकदार येणारच. दोन बोटं पुढे सरका.

४. गेन किती ठेवायचा? मला तर दहावरच मजा येते.

मजा येते कारण गेन चुका झाकतो. सिग्नल इतका दाबला जातो की हळू मारलेलं आणि जोरात मारलेलं सारखंच वाजतं. तुम्हाला सोपं जातं, ऐकणाऱ्याला मात्र नुसती गिचमिड. शेवभाजीत काळा मसाला हात सैल सोडून घातला की शेव कुठली नि रस्सा कुठला काही कळत नाही, तसंच.

माझी पद्धत: गेन शून्यावर न्या आणि गाण्यात जो भाग वाजवायचाय तोच वाजवत वाजवत हळूहळू वाढवा. 'आता पुरे' वाटलं की थांबा, आणि तिथून थोडा मागे या. मग दोन परीक्षा घ्या. एक, सहा तारांची पूर्ण कॉर्ड वाजवा. प्रत्येक तार वेगळी ऐकू आली पाहिजे. दोन, गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणा. आवाज बऱ्यापैकी साफ झाला पाहिजे. झाला नाही तर गेन अजून जास्त आहे. ही दुसरी परीक्षा जमली की एका पॅचमध्ये साथ आणि लीड दोन्ही निघतात, स्टेजवर पाय शोधत बसावं लागत नाही.

रेकॉर्डवर ऐकलेला जाडजूड रिदम बहुतेक वेळा दोन-चार वेळा वाजवून एकावर एक चढवलेला असतो आणि त्यातल्या प्रत्येक ट्रॅकवर गेन तुमच्या अंदाजापेक्षा कमी असतो. एका गिटारने तो जाडपणा गेनमधून काढायला गेलं की फसतो.

मेटल वाजवणाऱ्यांसाठी वेगळं. तुम्हाला गेन लागतोच, पण पाम म्यूट केल्यावर (तळहाताने तारा दाबून वाजवल्यावर) बास 'भद्द' होतो. ॲम्पच्या मॉडेलच्या आधी ट्यूब स्क्रीमर प्रकारचा ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा इफेक्ट) लावा, त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल बरीच वर. तो खालचा बास ॲम्पमध्ये शिरण्याआधीच कमी करतो, त्यामुळे डिस्टॉर्शन घट्ट राहतं. हे केल्यावर ॲम्पचा गेन पुन्हा खाली आणा.

५. बास, मिडल, ट्रेबल तिन्ही मध्यावर म्हणजे आवाज 'फ्लॅट' ना?

घरच्या म्युझिक सिस्टिमवर हो. गिटार ॲम्पवर नाही. फेंडर, मार्शलच्या जुन्या टोन सर्किटमध्ये तिन्ही नॉब मध्यावर असले तरी मधल्या सुरांत खड्डा असतो, आणि चांगलं मॉडेल त्या खड्ड्याचीही नक्कल करतं. शिवाय हे नॉब एकमेकांवर परिणाम करतात. ट्रेबल हलवला की मिडलचा स्वभाव बदलतो. म्हणून आकड्याकडे पाहू नका. मिडल सात-आठवर गेला म्हणून घाबरू नका. व्हॉक्सच्या काही मॉडेलमध्ये 'कट' नावाचा नॉब येतो, तो उलटा चालतो: वाढवला की वरचे सूर कमी होतात.

घरी एकट्याने वाजवताना मिडल खाली ओढलेला आवाज भारी वाटतो. ढोलकी, कीबोर्ड आणि गायक आला की तोच आवाज गायब होतो (प्रश्न १३).

६. ॲपवरून प्रसिद्ध वादकांचे प्रीसेट उतरवले, एकही तसा वाजत नाही. का?

कारण ते बनवणाऱ्याची गिटार वेगळी, पिकअप (तारेचा कंप पकडणारे) वेगळे, हात वेगळा, आणि बहुधा त्याने हेडफोनवर बनवलेत. फॅक्टरी प्रीसेटचं दुखणं वेगळं. त्यांना दहा सेकंदांत गिऱ्हाईक खूश करायचं असतं, म्हणून रिव्हर्ब, डिले, कोरस, गेन सगळं एकदम.

रिकाम्या पॅचपासून सुरुवात करा. सगळे इफेक्ट बंद, नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज आपोआप बंद करणारी सोय) बंद, एकच ॲम्प मॉडेल, त्याच्याबरोबर येणारी त्याचीच स्पीकर पेटी. नॉब सगळे मध्यावर. आवाज वाजवायच्या पातळीवर आणा. मग गेन, मग मिडल, मग ट्रेबल, बास सगळ्यात शेवटी. एवढ्यावर आवाज आवडला नाही तर नॉब घासत बसू नका, मॉडेल किंवा स्पीकर पेटी बदला. पेटी बदलल्याने जितका फरक पडतो तितका पुष्कळदा ॲम्प बदलूनही पडत नाही. आवाज आवडला की चिमूटभर रिव्हर्ब. मग चहा पिऊन या आणि पुन्हा ऐका. अर्धा तास सलग नॉब फिरवल्यावर कान कशालाही 'छान' म्हणतात.

७. रात्री हेडफोनवर वाजवतो. स्पीकरवर आणि हेडफोनवर आवाज इतका वेगळा का?

हेडफोनला २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं ऐकवता येतं, म्हणून तिथे प्रश्न ३ मधला हाय कट जास्त गरजेचा. शिवाय खोलीच नसते, आवाज थेट डोक्यात. थोडा 'रूम' रिव्हर्ब लावला की जीव येतो. हेडफोनसाठी वेगळा पॅच ठेवा आणि त्याला नावच 'हेडफोन' द्या. स्टेजवर चुकून लागला तर कळेल तरी.

८. ब्लूटूथ हेडफोन लावले तर बोट आधी चालतं आणि आवाज मागून येतो. सेटिंग कुठे आहे?

सेटिंग नाही. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १५० मिलिसेकंद उशीर हा ५० मीटर लांब ठेवलेला ॲम्प ऐकण्यासारखा झाला. वायरचा हेडफोन वापरा. ॲम्पमधलं ब्लूटूथ हे मोबाइलवरचं गाणं सोबत लावायला आहे, तिथे उशीर झाला तरी बिघडत नाही.

९. ॲम्प चालू केला की 'घूंऽऽ' येतं. वाजवताना जातं, थांबलो की परत. ॲम्प खराब आहे का?

बहुतेक वेळा ॲम्प निर्दोष असतो. क्रमाने शोधा.

गिटारमधून जॅक काढा आणि ॲम्पच्या बाजूचीही वायर काढा. घूं गेलं? मग दोष गिटार, वायर किंवा खोलीत आहे. नाही गेलं तर वीज किंवा ॲडाप्टर (प्रश्न ११).

आता गिटार लावून जागेवरच गोल फिरा. एका दिशेला आवाज कमी झाला तर तुमचे पिकअप सिंगल कॉइल (तारेची एकच गुंडाळी असलेले) आहेत आणि ते खोलीतला विजेचा आवाज पकडताहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचाच तो सूर आणि त्याच्या पटीतले सूर. यावर उतारा म्हणूनच हमबकर आला. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला होता. दोन कॉइल अशा उलट जोडायच्या की घूं एकमेकांत मिटतं आणि तारेचा सूर राहतो. पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच असलेल्या स्ट्रॅट प्रकारच्या गिटारवर तो स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर टाकून पाहा, पुष्कळ गिटारमध्ये तिथेही हाच गुण मिळतो.

घूं नसून 'झर्रर्र' असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बंद करा. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा आपल्या घरातला सगळ्यात मोठा गुन्हेगार. पंखा पूर्ण जोरात ठेवला तर झर्रर्र कमी होते, मधल्या वेगावर वाढते. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणं सोपं नाही, ठाऊक आहे मला. पायरी-पायरीचा कपॅसिटर रेग्युलेटर बसवून घेतला की सुटतं.

लॅपटॉपला यूएसबीने जोडल्यावरच आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गेला तर ते ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा जुळून येणारी घूं.

हे सगळं झाल्यावर उरलेल्या आवाजासाठी नॉइज गेट. गेट आधीच जोरात लावला तर लांब धरलेला सूर मध्येच तुटतो, आणि लीडचा शेवट असा तुटला की फार वाईट दिसतं.

१०. तारांना हात लावला की मुंग्या येतात. माइकला ओठ लागला तर चांगलाच झटका बसला. काय करू?

वाजवणं थांबवा. हा आवाजाचा प्रश्न नाही.

हात लावल्यावर घूं कमी होणं वेगळं. ते नॉर्मल आहे, गिटारची तार ग्राउंडला जोडलेली असल्याने तसं होतं. पण झटका म्हणजे कुठेतरी अर्थिंग नाही, किंवा तुमचा ॲम्प आणि साउंडवाल्याचा मिक्सर वेगवेगळ्या लाइनवर आहेत. दोन पिनांच्या ॲडाप्टरची सौम्य मुंगी अनेकांना येते. झटका मात्र सौम्य मानायचा नाही. ॲम्प, पेडल आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. घूं जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका.

११. आमच्याकडे लोडशेडिंग असतं. इन्व्हर्टरवर लावलं की करकर येते. जनरेटरवर तर भीतीच वाटते.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर करकर येणारच. त्याची वीज पायऱ्या-पायऱ्यांची असते आणि तिची टोकं आवाजात उतरतात. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर त्रास होत नाही. घरातला इन्व्हर्टर कुठला ते त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

जनरेटरवर वाजवताना आधी जनरेटर सुरू होऊन स्थिर होऊ द्या, मंडपातले हॅलोजन लागू द्या, मग ॲम्प चालू करा. बंद करताना उलट, आधी ॲम्प. ॲडाप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलं असेल तर व्होल्टेजच्या चढउताराला तो बऱ्यापैकी पुरून उरतो. नुसतं २३० लिहिलं असेल तर स्टॅबिलायझर बरा. ॲडाप्टर हरवला म्हणून राउटरचा लावू नका. व्होल्ट, अँपिअर आणि पिनच्या आतबाहेरचं प्लस-मायनस, तिन्ही जुळलं पाहिजे.

१२. मंडपात ॲम्पपुढे माइक लावायचा की मिक्सरला लाइन द्यायची?

उघड्या मैदानात, ढोल-ताशा शेजारी असताना मी लाइन देतो. माइक सगळं पकडतो, वाराही. ॲम्पला लाइन आउट किंवा हेडफोन/रेकॉर्डिंग आउट असेल तर ती वापरा आणि स्पीकर पेटीची नक्कल म्हणजे कॅब सिम चालू आहे ना ते तपासा. मंडपाच्या टॉप्सना (वरच्या मोठ्या स्पीकरना) भोंगे असतात, ते वरचे सूर स्पष्ट फेकतात. कॅब सिमशिवाय तिथे गिटार म्हणजे पत्र्यावर ओरखडे. स्पीकर आउट नावाचं भोक असेल तर ते मिक्सरला कधीच जोडू नका, मिक्सर जळेल.

आता एक घोटाळा, जो मला समजायला दोन सीझन गेले. हेडफोन आउट स्टिरिओ असतो. त्यातून तीन कड्यांच्या पिनेची वायर थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला दिली, तर मिक्सर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं, उरतो फक्त रिव्हर्बचा बारीक धूर. साउंडवाला म्हणतो 'गिटारच पातळ आहे', आपण म्हणतो 'मिक्सर खराब आहे', आणि दोघंही चूक. स्टिरिओतून दोन मोनो निघणारी वायर घ्या, एकच बाजू मिक्सरला द्या, आणि पॅच मोनोमध्ये तपासा. रुंद स्टिरिओ कोरस मोनोत विचित्र होतो.

मिक्सरपर्यंतचं अंतर मोठं असेल तर डीआय बॉक्स (सिग्नल लांब वायरवरून घूं न पकडता नेणारी डबी) लावा. साध्या गिटार वायरने वीस मीटर ओढलं तर घूं घेऊनच पोहोचणार. साउंडवाल्या भाऊंना १०० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. सहाव्या तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा आहे, पण मंडपात तिथे ढोलकीचा डग्गा आणि बास असतो, गिटारला जागा नसते.

१३. स्टेजवर माझी गिटार मलाच ऐकू येत नाही. २५ ऐवजी ५० वॅटचा ॲम्प घेऊ का?

वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील इतके. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. पैसे वाचवा. ॲम्प वर उचला, मिडल वाढवा, रिव्हर्ब आणि गेन कमी करा. गायकाच्या आणि कीबोर्डच्या गर्दीत मधले सूरच वाट काढतात. कीबोर्डवाल्याला प्रेमाने सांगा की डाव्या हाताने थोडं कमी वाजव.

आणि पॉवरचा स्विच पाहा. बॉस कटानासारख्या ॲम्पवर अर्धा वॅटचीही जागा असते. एका लग्नात अख्खी हळद मी अर्ध्या वॅटवर वाजवली. दोन गाणी मॉनिटरवाल्याशी भांडलो तोही वेळ फुकट.

१४. एक पॅच मोठा, दुसरा बारीक वाजतो. लीडला पाय मारला की आवाज वर जायच्या ऐवजी खाली जातो.

स्वच्छ आवाजात शिखरं असतात, डिस्टॉर्शन सपाट असतं. घरी हळू आवाजात दोन्ही सारखे वाटले तरी स्टेजवर क्लीन पॅच उसळतो आणि लीड मागे पडते. स्टेजच्या पातळीवर, शक्यतो सोबत रिदम लावून, पॅच व्हॉल्यूम जुळवा. मॉडेलचा मास्टर नॉब त्यासाठी वापरू नका, अनेक मॉडेलमध्ये त्याने पॉवर ॲम्पचा स्वभाव बदलतो. पॅच लेव्हल वेगळी असते. लीडसाठी गेन वाढवू नका, शेवटी एक बूस्ट किंवा मिडलचा उठाव द्या.

१५. डिलेचा वेळ किती ठेवायचा?

६०,००० ला गाण्याच्या लयीने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी भागा. १२० च्या लयीला ५०० मिलिसेकंद. टुणटुण नाचणारा डिले हवा तर त्याचा पाऊण भाग, ३७५. टॅप टेम्पोचं बटण असेल तर एवढंही नको. मंगल कार्यालयात हॉल स्वतःच डिले देतो, तिथे बंद ठेवा.

१६. आधी गिटारच बदलू का?

आधी तारा बदला. आपल्या उन्हाळ्यात घामाने तारा लवकर मरतात आणि मेलेल्या तारेला कुठलंही मॉडेल चमक देऊ शकत नाही. मग पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत साधारण दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. फार जवळ असेल तर क्लीनसुद्धा फाटतो. ॲम्पच्या इनपुटला लाल दिवा लागत असेल तर तेच कारण असू शकतं. वायर फार लांब नको, लांब वायर वरचे सूर खाते. तीन ते सहा मीटर पुष्कळ.

ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप असतील तर ९ व्होल्टची बॅटरी पाहा. आवाज आधी चांगला होता आणि अचानक फाटायला लागला तर दहात नऊ वेळा बॅटरी.

१७. जळगावचं ४५ डिग्री ऊन ॲम्पला चालतं का?

वाजवताना सावलीत चालतं. बंद गाडीत ठेवून जेवायला गेलात तर नाही. ॲम्पच्या मागची हवेची जागा भिंतीला चिकटवू नका, वर टॉवेल टाकू नका. ॲम्पपेक्षा गिटारचे हाल जास्त होतात. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बोटाला बोचायला लागतात, मान सरळ होऊन तारा फ्रेटला घासतात, आणि ती खरखर पोरं ॲम्पची समजतात. ॲम्प बंद करून तार वाजवा. तरीही खरखर आली तर सेटअप करून घ्या. धुळीने नॉब फिरवताना कचकच येत असेल तर वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनर.

१८. फर्मवेअर (ॲम्पच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करू का?

करा, पण आधी पॅच कॉम्प्युटरवर साठवून ठेवा, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री करू नका. लाइट जाण्याच्या वेळेला तर नकोच. अर्धवट राहिलेलं अपडेट म्हणजे कुरिअरने पुण्या-मुंबईची वारी.

१९. माझ्याकडचे पेडल मॉडेलिंग ॲम्पला लावता येतात का?

येतात. ओव्हरड्राइव्ह, वा-वा गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावा, ॲम्प क्लीन किंवा किंचित फाटणारा ठेवा. डिले-रिव्हर्बचे पेडल इफेक्ट लूप (ॲम्पच्या मागची, पेडल मधोमध जोडायची जागा) असेल तर तिथे. मल्टिइफेक्ट प्रोसेसर लावणार असाल तर दोघांपैकी एकाचंच ॲम्प मॉडेल चालू ठेवा. दोन ॲम्प मॉडेल आणि दोन कॅब सिम एकावर एक चढले की आवाज रजईखालून आल्यासारखा होतो. या तक्रारीचे फोन मला दर महिन्याला येतात.

२०. वरातीत बेंजो वाजवतो. तो मॉडेलिंग ॲम्पला लावला तर खराब होईल का? आवाज पण विचित्र येतो.

खराब काही होणार नाही. आपला बटणांचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचं विजेवरचं रूप: पोलादी तारा, खाली पिकअप. ॲम्पच्या दृष्टीने ती गिटारच. विचित्र येतो कारण बेंजोची सगळी गंमत वरच्या सुरांत आणि पिकच्या टकटकीत आहे, आणि गिटारचा कॅब सिम नेमकं तेच कापतो. प्रश्न ३ मध्ये सांगितलं त्याच्या बरोबर उलट करा. ॲकॉस्टिक किंवा सगळ्यात स्वच्छ मॉडेल घ्या, जमलं तर कॅब सिम बंद, हाय कट काढून टाका.

बेंजोचा पिकअप बऱ्याचदा फार जोरात सिग्नल देतो. तारा जोडीने वाजतात, त्यात हात जड. क्लीन पॅचही फाटतो. ॲम्पवर काही करण्याआधी बेंजोचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणा, मग थोडा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून आणि बारीक उचलून सारखा करणारा इफेक्ट). अहिराणी गाण्यातली लांब ओढलेली जागा त्याने टिकते. मात्र कॉम्प्रेसर जास्त झाला तर सोबत वाजणाऱ्या सुराच्या तारा वर येतात आणि चाल बुडते.

वरातीच्या गाडीवर भोंगे असतील तर १५०-२०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. भोंग्यातून ते येत नाहीच, नुसता दम जातो. आणि गाडीवर ॲम्प दोरीने बांधा. पट्टा चालत नाही, सैल होतो.